लगीन मोडणारी बाई जिनिव्हात

शनिवारी सकाळी हॉटेलच्या दारातून सगळी मंडळी बर्फाचा डोंगर पाहायला निघाली आणि रंजीता नैताम तेवढी मागे राहिली. जायची तयारी तिनं केली होती. गडचिरोलीच्या बाजारातून घेतलेला जांभळा स्वेटर अंगात, पायात मोजे, पिशवीत पाण्याची बाटली. पण ज्योत्स्ना मॅडमनी तिला बसच्या पायरीवरूनच मागे फिरवलं.

"तू नाही यायचं, रंजीता. वर हवा विरळ असते. तुझ्या रक्ताला ती झेपत नाही, हे मी तुला सांगायला पाहिजे का?"

"मॅडम, मी वर नाई चढत. खालीच हॉटेलात बसून राह्यते."

"आणि खालीच दुखायला लागलं तर? नाही म्हणजे नाही. आजचा दिवस मोकळा आहे, गाव पाहा. पाणी पीत राहा, स्वेटर काढू नको. आणि त्या तळ्यात पाय घालू नको. बर्फाचं पाणी आहे ते."

ज्योत्स्ना मॅडम चंद्रपूरच्या डॉक्टर. रंजीताला जिनिव्हापर्यंत आणलं होतं ते त्यांनीच. सिकलसेलच्या रोग्यांचा इथं मेळावा होता. निरनिराळ्या देशांतले रोगी आले होते. रंजीता त्यात पाच मिनिटं मराठीतून बोलली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. आता उद्याचं विमान आणि मधला हा एक दिवस.

बस गेली. रंजीता रस्त्यावर उभी राहिली. जन्मभर तिनं "नाही" ऐकलं होतं आणि गेली नऊ वर्षं तोच शब्द ती लोकांना ऐकवत आली होती.

तिचं गाव मुरूमटोला, धानोरा तालुक्यातलं. चार-सहा खेड्यांची वाट तुडवल्याशिवाय डांबरी रस्ता लागत नाही असं. लहानपणी तिचे हातपाय मधूनच दुखत. साधं दुखणं नव्हे ते, हाडात कोणी खुंटी ठोकत असावं तसं. थोरला भाऊ पत्रू, त्यालाही तेच. कोणी वात म्हणे, कोणी बाहेरची बाधा. कोंबडे झाले, अंगारे झाले. एका हिवाळ्यात पत्रूला ताप भरला तो उतरलाच नाही. आई बुधरीच्या मांडीवर पोरगा गेला, आणि कशानं गेला ते घरात कोणालाच कळलं नाही. पुढं रंजीता आश्रमशाळेत असताना डॉक्टरांची गाडी आली, सगळ्या पोरींच्या बोटाला सुई टोचली, आणि काही दिवसांनी तिच्या हातात लाल कार्ड आलं. तेव्हा दुखण्याला नाव मिळालं. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होत, बारीक नसांत अडकत. गार पाणी, दमणूक, तहान, उंचावरची हवा, काहीही निमित्त पुरे. आई आणि बाप दोघंही पिवळ्या कार्डाचे निघाले. म्हणजे त्यांना स्वतःला काहीच त्रास नव्हता, पण दोघांच्या रक्तातलं अर्धं-अर्धं दान मुलांच्या पदरात पूर्ण पडलं होतं.

एकदा तिची सोयरीक जमली होती. पोरगा पांढऱ्या कार्डाचा, निर्दोष रक्ताचा, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबानं काही अडचण नव्हती. पण त्याच्या घरच्यांनी लाल कार्ड पाहिलं आणि निरोप धाडला, की धानाच्या रोवणीच्या चिखलात उभी राहू न शकणारी सून आम्हाला काय कामाची. रंजीता रडली नाही. बारावीपुढं शिकली, आणि तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागली. रक्त तपासणीच्या खोलीला लागून तिची बारकी खोली. लग्न ठरलेली पोरं-पोरी कार्डं घेऊन तिच्यासमोर बसायची. दोन्ही कार्डं पिवळी असली की ती एकच सांगायची, "हे लगीन नाई करायचं." आपलं दुखणं सांगायची नाही, पत्रूचं नाव काढायची नाही. कार्डं परत द्यायची आणि पुढच्यांना बोलवायची. आजूबाजूच्या खेड्यांत तिला लगीन मोडणारी बाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं. म्हणोत बापडे, असं ती मनाशी म्हणायची.

इकडं यायच्या आदल्या आठवड्यात दीपिका आणि सुरज आले होते. दीपिका दवाखान्याच्या ओळखीतली, रंजीताचं लाल कार्ड ठाऊक असलेली, बोलघेवडी, शिवणक्लास चालवणारी पोरगी. सुरज ट्रॅक्टर चालवायचा. शाळेपासूनची ओळख, घरच्यांचा होकार, मांडवाचे बांबूसुद्धा ठरलेले. कार्डं दोन्ही पिवळी. रंजीतानं नेहमीचं वाक्य सांगितलं. सुरज खाली पाहत बसला. दीपिका मात्र उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली,

"ताई, तुमच्या माय-बापानं कार्ड पाह्यलं असतं तं तुमी या खुर्चीत नसत्या. तुमी तं जगून राह्यल्या ना?"

आणि गेली.

ते वाक्य रंजीताबरोबर नागपूरला आलं, विमानात बसलं, मेळाव्यात टाळ्या वाजत होत्या तेव्हाही कानाशी होतं. आजवर बोलण्यात, ऐकण्यात, गर्दीत दिवस जात होते. आज भोवती परकं गाव आणि सोबत दुसरं कोणी नाही. मग त्या वाक्याला रानच मोकळं मिळालं.

ती चालायला लागली. उतारानं खाली आली तो समोर तळं. तळं कसलं, पल्याडचा काठ धुरकट दिसावा एवढं पाणी, निळंभोर, त्यावर पांढरी शिडं. पुलाच्या कठड्याशी ती थांबली. तळ्यातून नदी निघत होती आणि तिचं पाणी पुलाखालून असं खळाळत पळत होतं, जणू मागं कोणी लागलंय. थोडा वेळ बरं वाटलं. मग पुन्हा पाय शिवशिवले. बागेत फुलांचं घड्याळ होतं, जमिनीवर वाफ्यात फुलं लावून केलेलं, वर खरे काटे फिरणारे. लोक त्याच्यासमोर हसून फोटो काढत होते. रंजीतानंही काढला, आणि काढता काढताच पुढं सरकली.

तळ्यातल्या मोठ्या कारंज्याजवळ तिनं आईला फोन लावला. बुधरीच्या घरात रेंज येत नाही. शेताच्या बांधावर उभं राहिलं की येते, आणि लेक परदेशात गेल्यापासून बुधरी दुपारची बांधावरच असायची. रंजीतानं फोनचा कॅमेरा कारंज्याकडं वळवला. सागाच्या झाडावर झाड ठेवावं, त्यावर आणखी झाड ठेवावं, तितकं उंच पाणी उडत होतं.

"एवढं पाणी वर काऊन फेकून राह्यले ते लोक?" बुधरीनं विचारलं.

"दिसाले चांगलं दिसते म्हणून, माय."

"खाली शेत आहे काय?"

"शेत नाई. तळ्यातलंच पाणी उचलते नं तळ्यातच पडते."

"मंग?"

"मंग काई नाई."

बुधरीनं जरा विचार केला. "तुह्या अंगावर उडून नाई ना राह्यलं? दूर सरक. जेवली काय?"

फोन ठेवल्यावर रंजीताला हसू आलं, पण ते ओठावरच विरलं. दीपिकाचं वाक्य आईला सांगावं असं कितीदा वाटलं होतं. सांगायचं कसं? तुला कळलं असतं तर मी नसते, बरं झालं असतं का? असं कोणी आईला विचारतं का?

जुनं गाव टेकाडावर होतं. दगडी फरशीचे अरुंद रस्ते, उंच घरं, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या. चौकाचौकात दगडी हौद, त्याच्या तोटीतून अखंड धार. ते पाणी प्यायचं असतं हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि या गावात तिला मनापासून आवडलेली गोष्ट तीच होती. प्रत्येक हौदापाशी थांबून ती बाटली रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. खुब्यातून बारीक कळ येऊ लागली होती, चढण चढल्याची. तिकडं लक्ष दिलं नाही.

वर झाडांखाली एक बाकडं होतं. एकच बाकडं, पण या टोकाला बसलेल्याचा चेहरा त्या टोकाला ओळखू येऊ नये एवढं लांब. म्हातारे पेपर वाचत होते, बाया पोरांना भरवत होत्या. एवढ्या लांब बाकड्यावर रंजीताला जागा सापडेना. इथं बसली, उठली. पुढं जाऊन बसली, उन्हात आली म्हणून उठली, सावलीत गारवा लागला म्हणून परत उठली. अंगात कोणी मुंग्या सोडल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात शेजारच्या जुन्या इमारतीतून एक वरात बाहेर पडली. वाजंत्री नाही, काही नाही, वीसेक माणसं आणि मधे पांढऱ्या झग्यातली नवरी. नवरदेव घामाघूम. त्यांना सगळ्यांनाच फोटोत यायचं होतं आणि काढायला कोणी नव्हतं. नवरीनं इकडं तिकडं पाहिलं आणि नेमका रंजीताच्या हातात आपला फोन ठेवला. हातवाऱ्यांनी सांगितलं, काढ.

रंजीतानं फोन डोळ्यांसमोर धरला. चौकटीत ती दोघं एकमेकांना चिकटून उभी. सवयीनं तिच्या मनात आलं, कार्डं पाहिली असतील का यांनी? लगेच तिला स्वतःची चीड आली. पहिला फोटो हलला. दुसरा काढला, तिसरा काढला. नवरीनं तिचे दोन्ही हात धरून आभार मानले आणि साखरेत घोळलेल्या बदामांची जाळीतली पुरचुंडी तिच्या तळव्यावर ठेवली. वरात हसत खाली उतरून गेली. रंजीता पुरचुंडी धरून तिथंच उभी.

फोन वाजला. सुरज होता.

"ताई, जोहार. दीपिका तुमाले काई बोलली काय?"

"कधी?"

"आज. सकाळपासून घरी नाई ते. पिशवी घेऊन गेली. फोन बंद आहे. तिचा बाप माह्यावर धावून आला, पण मले खरंच ठाव नाई, ताई."

"तुमचं भांडण झालं होतं काय?"

सुरज म्हणाला, "मीच म्हणलं तिले, की ताई म्हणते तं राहू दे. मोडून टाकू."

गेल्या वर्षी एका गावात अशाच मोडलेल्या सोयरिकीनंतर एका पोरीनं फवारणीचं औषध घेतलं होतं. पोरगी वाचली. तिला आणि तिच्या नवरदेवालाही रंजीतानं ते एकच वाक्य सांगितलं होतं.

तिनं दीपिकाला फोन लावला. बंद. दीपिकाच्या गावच्या आशा सेविका रुखमाबाईंना लावला. रुखमाबाई म्हणाल्या, "सकाळच्या एसटीत बसताना पाह्यलं म्हणते रामाजी. कुठी गेली ते कोणाले ठाव? विहिरी-बिहिरी पाहून झाल्या बाई, काळजी नोको करू." विहिरी पाहून झाल्या, हे ऐकल्यावर तिनं परत दीपिकाचाच नंबर लावला.

आता जिनिव्हा दिसेनासं झालं. ती चालत होती, पण कुठल्या गल्लीतून कुठं निघाली ते तिला सांगता आलं नसतं. एका मोठ्या चर्चचं दार उघडं दिसलं म्हणून आत गेली. आत गार, उंच, कोरं. मूर्ती नाही, फूल नाही, दिवा नाही. मुरूमटोल्यात पेनापुढं, गावच्या देवापुढं, उभं राहिलं की निदान काय बोलायचं ते ठाऊक असतं. इथल्या देवाशी तिची ओळख नव्हती. तरी ती बाकावर बसली, हात जोडले, आणि "पोरगी सापडू दे" एवढंच पुटपुटली. गारव्यानं गुडघे आखडले तशी उठली. बाहेर येऊन पुन्हा फोन. बंद. पुन्हा. बंद. एवढं भाडं घालून आपल्याला इतक्या लांब आणलं, आणि जिथं असायला हवं होतं तिथं आपण नाही, या विचारानं तिचा जीव नुसता तळमळत होता. मेळाव्यात तिच्या कामाचं कौतुक झालं होतं. ते आठवलं की आता शरमल्यासारखं व्हायचं.

गल्ल्यांतून उतरत ती कशीबशी तळ्याच्या काठाला आली तेव्हा आईचा फोन आला. बुधरी कधी आपणहून फोन करत नाही.

"अवं, ते पोरगी इथी आहे."

"कोणती?"

"दीपिका. एसटीनं आली, मंग पायी आली. भात खाल्ला. आता अंगणात बसून टोऱ्या फोडून राह्यली." टोऱ्या म्हणजे मोहाच्या बिया, तेलासाठी फोडायच्या. रंजीता काठावरच्या दगडावर बसली. आधी सुरजला कळव, तिच्या बापाला कळव, असं तिनं भराभरा सांगितलं. बुधरी म्हणाली, कळवलं, शेजारच्या दसरूनं फोन केला.

"पण तुह्याकडं काऊन गेली ते?"

"मले इचाराले आली. म्हणते, मावशी, तुले आधी माहीत असतं तं तू लगीन केलं असतं काय?"

रंजीताच्या समोरून एक पिवळी होडी माणसं घेऊन चालली होती. ती होडीकडं पाहत राहिली.

"मंग तू काय सांगतलं?"

"खरं सांगतलं."

"काय खरं, माय?"

"नसतं केलं म्हणलं." बुधरीचा आवाज नेहमीसारखाच होता, धान्य पाखडताना बोलावं तसा. "पत्रूले मांडीवर जाताना पाह्यलं मी. रात रात तुहे पाय दाबले. माहीत असतं तं तुह्या बापाले हो नसतं म्हणलं. दुसरा कोणी पाह्यला असता." मग तिनंच विचारलं, "तुले राग आला काय?"

"नाई."

"आला असन. येऊ दे. पण तू आहेस ना आता. तुह्याबिगर मले जमत नाई, हेबी सांगतलं तिले. दोन्ही सांगतलं. तिनं ऐकलं नं भात खाल्ला. तू कवा येतेस?"

"परवा."

"ये मंग," बुधरी म्हणाली आणि फोन कापला.

रंजीता उठली. राग आला होता का? तिला कळेना. पोरगी जिवंत आहे याचा आनंद होता. आईचं उत्तर तिला नवीन नव्हतं. रोज खोलीत बसून तीच ते उत्तर देत होती. पण आईच्या तोंडून ऐकल्यावर ते अंगाला लागलं. तसलीच एक होडी काठाला लागली, तीत ती बसली. होडी पलीकडं जाऊन थांबली, तशी सगळ्यांबरोबर उतरली.

समोर पाण्यात शिरलेला एक दगडी धक्का होता, आणि तिथं गावचे लोक पोहत होते. म्हाताऱ्या, पोरं, पोटं सुटलेले बाप्ये, सगळे ऊन खात पडलेले. कोणी उठायचं, पायऱ्यांनी पाण्यात उतरायचं, ओलं होऊन परत येऊन पडायचं. त्यात काही विशेष आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. मुरूमटोल्याजवळच्या नाल्यात पोरी उन्हाळ्यात डुंबायच्या. रंजीता काठावर त्यांचे कपडे राखत बसायची.

तिनं मोजे काढले. स्वेटर काढला. चपला एका बाजूला ठेवल्या, फोन चपलेत ठेवला, त्यावर स्वेटर टाकला. आणि सलवार-कुर्त्यासकट पायऱ्या उतरायला लागली. पहिल्या पायरीला घोटे, दुसरीला पोटऱ्या. पाणी चावलं. तिसऱ्या पायरीवर टोपी घातलेली एक म्हातारी बाई पाण्यातून वर पाहत होती. ती काहीतरी म्हणाली आणि हसून हातानं "ये, ये" केलं. रंजीता कमरेपर्यंत गेली. श्वास अडकला. कठड्याची लोखंडी दांडी घट्ट धरून तिनं गुडघे वाकवले आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसली.

त्या वेळी तिच्या मनात ना दीपिका होती, ना आई, ना कार्डं. फक्त गार पाणी होतं, आणि त्यात ती. तोंडातून मोठ्यानं हुंकार निघाला. म्हातारी टाळ्या वाजवायला लागली.

फार वेळ नाही बसली. दात वाजायला लागले तशी वर आली. म्हातारीनं आपला पंचा तिच्या खांद्यावर टाकला, कुठूनसा गरम चहा आणून दिला. तापलेल्या फरशीवर उन्हात पाय पसरून रंजीता वाळत बसली. कितीतरी वेळ उठावंसं वाटलं नाही.

कळ परतीच्या रस्त्यात सुरू झाली. आधी डाव्या नडगीत, मग मांडीत, मग पाठीच्या कण्यात. तिची जुनी ओळखीची कळ. हॉटेलच्या खोलीत येऊन तिनं गोळी घेतली, गरम पाण्याच्या बाटल्या भरून पायांशी लावल्या, पांघरुणं ओढून घेतली. पाण्यानं झालं की दिवसभराच्या तंगडतोडीनं, कोण सांगणार? मंडळी डोंगरावरून आली तेव्हा ज्योत्स्ना मॅडमनी खुर्चीवर वाळत टाकलेली सलवार पाहिली आणि त्यांना सगळं कळलं.

"कोणी सांगितलं होतं तुला पाण्यात जायला?"

"कोणी नाई सांगतलं, मॅडम. म्हणून तं गेली."

मॅडमनी दुसरं औषध दिलं, नाडी पाहिली, पाय शेकत बसल्या. इथं उन्हाळ्यात ऊन फार उशिरापर्यंत असतं. खिडकीत लख्ख उजेड होता तेव्हाच दीपिकाचा फोन आला.

"ताई, मी तसं बोलाले नव्हतं पायजे."

"बोलली ते बोलली. झोपली नाईस अजून?"

"मावशीजवळ अंगणात पडली होती. झोप येत नाई. फोनसाठी बांधावर आली. तुमचा आवाज असा काऊन येऊन राह्यला?"

"दुखून राह्यलं." रंजीतानं श्वास सांभाळला. "तू मले कधी इचारलंच नाई, कसं दुखते ते. मीबी कोणाले सांगत नाई. सांगू?"

"सांगा."

आणि रंजीतानं सांगितलं. नडगीतून कळ कशी वर चढते, ती येताना माणूस श्वास कसा मोजायला लागतो, लघवीला जायचं म्हटलं तरी कसं रडू येतं. पत्रूचंही सांगितलं. आणि मग नाल्याकाठचं, नोकरीचं, पहिल्या पगाराच्या साडीचं, आज पाण्यात बसल्याचंही सांगितलं. मधे कळ आली की गप्प व्हायची. दीपिका पलीकडं थांबून राहायची.

"पोटातल्या बाळाची तपासणी होते," शेवटी रंजीता म्हणाली. "नागपूरले. सोपी गोष्ट नाई ते. वाईट निघालं तं काय करायचं, ते तुमालेच ठरवा लागन, नं ते ठरवणं आणखीन कठीण आहे. हे मी आजलोक कोणाले नीट समजावून सांगतलं नाई. मी तुले नाई म्हणत नाई, होबी म्हणत नाई. सुरजले घेऊन ये. दोघंबी आयका, मंग पाहा."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तिला चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. नागपूरला उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "पुन्हा असं करशील?" रंजीतानं खरं तेच सांगितलं, की ठाव नाही.

दीपिका आणि सुरज पावसाळाभर तिच्या खोलीत येत राहिले. कधी एकत्र, कधी वेगवेगळे. एकदा सुरजनं सोडूनच द्यायचं ठरवलं होतं, एकदा दीपिकानं. वैशाखात त्यांनी लग्न केलं. रंजीता गेली होती. मांडवात काही बायांनी तिच्याकडं पाहून नाकं मुरडली, काहींनी मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. खोलीत तिच्यासमोर बसणाऱ्यांशी ती आता उशिरापर्यंत बोलते. काही सोयरिकी मोडतात, काही नाही. दवाखान्याच्या साहेबांना ते पसंत नाही. ते म्हणतात, स्पष्ट नको म्हणत जा. रंजीता ऐकून घेते.

दीपिकाला दिवस गेले तेव्हा तिघंही पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेले. दीपिकाला सारखी मळमळ, सुरज खिडकीशी दगडासारखा बसलेला. निकाल यायला पंधरवडा लागला, आणि त्या पंधरवड्यात रंजीताला कुठं स्वस्थ बसवेना. जेवण नाही की झोप नाही. बुधरी म्हणाली, "तुह्या पोटात आहे काय ते पोर?" निकाल आला. मूल पिवळ्या कार्डाचं, आईबापांसारखंच.

मुलगी झाली. रंजीता पाहायला गेली तेव्हा दीपिकाचा बाप मुखरू पोरीला पायांवर घेऊन तेल चोळत होता. रंजीतानं पोरीला उचललं, तिची मूठ उघडून पाहिली. मग न राहवून तिनं विचारलं,

"दुसऱ्याचं काय ठरवलं तुमी?"

दुसऱ्या खेपेलाही चारात एक हा धोका तेवढाच, तपासणी तशीच. दीपिकानं सुरजकडं पाहिलं, सुरजनं दाराबाहेर पाहिलं.

"ताई," दीपिका म्हणाली, "आधी हिले तं नीट पाहा."

रंजीता पोरीकडं पाहू लागली.